रॅब बटलर की हॅरॉल्ड मॅकमिलन : लघुप्रबंधाला कुणाला घ्यावं?

ओळखीतली एक मुलगी नागपूरला राज्यशास्त्रात एम.ए. करते. लघुप्रबंधासाठी विसाव्या शतकातल्या एका ब्रिटिश राजकारण्याची कारकीर्द घ्यायची आहे. चर्चिल, अ‍ॅटली आणि थॅचरबाई बाद, कारण त्या तिघांवरचे प्रबंध तिच्या विभागात आधीच धूळ खात पडलेत. चाळणी लावून लावून तिच्याकडे दोन नावं उरली होती, रॅब बटलर आणि हॅरॉल्ड मॅकमिलन. फोनवर अर्धा तास बोललो, पण फोन ठेवल्यावर जाणवलं की सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून लिहून काढतोय. याच पेचात आणखी कुणी असेल तर त्यालाही उपयोग होईल.

जोडी तिने छान निवडलीय. दोघं एकाच पक्षाचे, आपली जुनी वर्तमानपत्रं ज्याला 'हुजूर पक्ष' म्हणायची त्या कॉन्झर्वेटिव्ह पक्षाचे. दोघांनी अर्थखातं सांभाळलं, दोघांनी परराष्ट्रखातं सांभाळलं. १० जानेवारी १९५७ ला दोघांपैकी एक जण पंतप्रधान होणार हे सगळ्या लंडनला माहीत होतं आणि बहुतेक वर्तमानपत्रांचा कौल बटलरला होता. झाला मॅकमिलन. सहा वर्षांनी पुन्हा जागा रिकामी झाली, तेव्हा बटलर उपपंतप्रधान होता. तेव्हाही ती त्याला मिळाली नाही.

आणखी एक योगायोग. दोघांचेही उजवे हात अधू होते. बटलर सहा वर्षांचा असताना भारतात घोड्यावरून पडला, हाताची हाडं मोडली, ती नीट जुळली नाहीत आणि हात जन्माचा कमजोर राहिला. मॅकमिलनच्या हातातून १९१५ मध्ये लूसच्या लढाईत गोळी आरपार गेली. पुढच्या वर्षी सोमच्या लढाईत कमरेखाली जबर जखम झाली. तो कितीतरी तास एका खड्ड्यात पडून होता आणि खिशातलं ग्रीक नाटक मूळ ग्रीकमधून वाचत होता. एकाचं अधूपण अपघाताचं, दुसऱ्याचं रणांगणावरचं. हुजूर पक्षाच्या बाकांवर या फरकाला किंमत होती. गणवेश कधीच न घातलेला माणूस म्हणून बटलरकडे त्याच्याच पक्षातले माजी सैनिक जरा तिरक्या नजरेने बघत.

भारताच्या बाजूने पाहिलं तर

इथे तुलना एकतर्फी आहे, ती आधीच उरकून टाकू. बटलरचा जन्म १९०२ चा, अटकेचा. होय, मराठ्यांनी झेंडे लावल्याचं आपण सांगतो तेच अटक. वडील सर माँटेग्यू बटलर आयसीएस अधिकारी. १९२५ ते १९३३ ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे गव्हर्नर होते, म्हणजे नागपूरचं आजचं राजभवन आठ वर्षं याच्या वडिलांचं घर होतं. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत संस्थानांसंबंधीची १९२७ ची जी 'बटलर समिती' येते, ती मात्र याची नव्हे. ते काका, सर हारकोर्ट बटलर. ही गल्लत मी छापील नोट्समध्येसुद्धा पाहिली आहे.

१९३२ मध्ये लॉर्ड लोथियन यांची मताधिकार समिती भारतात आली, तिचा तिशीतही न पोचलेला एक सदस्य म्हणजे रॅब बटलर. त्याच समितीत डॉ. आंबेडकर होते. मतदारांची संख्या ७० लाखांवरून ३ कोटी ६० लाखांपर्यंत न्यावी अशी शिफारस समितीने केली. अस्पृश्यांची संख्या नेमकी किती, ती कशी मोजायची, यावर आंबेडकरांनी स्वतंत्र टिपण जोडलं. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या खंडांत ते वाचायला मिळतं. त्याच वर्षी बटलर भारत खात्याचा उपमंत्री झाला आणि १९३५ च्या भारत सरकार कायद्याचं विधेयक कॉमन्स सभागृहातून पार नेण्याच्या कामात मंत्री सॅम्युअल होअर यांचा उजवा हात बनला. विधेयकात ४७३ कलमं आणि १६ परिशिष्टं होती. समोर विरोधाला स्वपक्षाचाच चर्चिल, जो कलमागणिक उभा राहून भांडत होता. आपल्या राज्यघटनेने ज्या कायद्यातून इतकं उचललं, त्याच्या कलमाकलमाची बाजू मांडणाऱ्यांत हा जेमतेम बत्तीस-तेहेतीस वर्षांचा माणूस होता.

मॅकमिलनकडे भारताच्या खात्यावर काय? घराण्याची प्रकाशनसंस्था. तिची पुस्तकं आपल्याकडच्या कितीतरी शाळांत लागली आणि इंग्रजी 'गीतांजली' तिनेच बाजारात आणली. पदावर असताना भारतात आलेला तो पहिला ब्रिटिश पंतप्रधान, जानेवारी १९५८. आणि गोवा. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगालने इंग्लंडला शेकडो वर्षांच्या जुन्या तहाची आठवण करून दिली. मॅकमिलनच्या सरकारने लष्करी मदतीला नकार दिला, पण सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धच्या ठरावाच्या बाजूने हात वर केला. ठराव रशियाच्या नकाराधिकाराने पडला. यावर एखादं प्रकरण होईल, प्रबंध नाही.

डाग

बटलरला घेणार असाल तर हे टाळता येणार नाही. १९३८ ते ४१ तो परराष्ट्र खात्यात उपमंत्री होता; लॉर्ड हॅलिफॅक्स त्याचे मंत्री. हॅलिफॅक्स उमरावांच्या सभागृहात बसत असल्यामुळे कॉमन्समध्ये हिटलरपुढे नमतं घेण्याच्या धोरणाची वकिली बटलरच्या वाट्याला आली, आणि ती त्याने तोंडदेखली केली नाही, मनापासून केली. जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळल्यावर स्वीडनच्या राजदूताशी तो जे बोलला, त्यातून इंग्लंड तहाला तयार आहे असा अर्थ निघाला आणि चर्चिल भडकला. नोकरी वाचली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

मॅकमिलन त्या काळात मागच्या बाकावरचा. स्टॉकटन-ऑन-टीज या बेकारीने पिळून निघालेल्या मतदारसंघाचा खासदार. पहिल्यांदा निवडून आल्यापासून सोळा वर्षं त्याला साधं उपमंत्रिपदही मिळालं नव्हतं. १९३८ च्या नोव्हेंबरात त्याने आपल्या घरच्या होळीत, म्हणजे गाय फॉक्सच्या रात्री जाळतात त्या पुतळ्याच्या जागी, स्वतःच्या पक्षाचा पंतप्रधान चेंबरलेन जाळला. धाडस होतं, आणि नाटकही होतं. मॅकमिलनच्या बाबतीत या दोन गोष्टी आयुष्यभर वेगळ्या काढता येत नाहीत.

हातून काय झालं

बटलरचं मोठं काम १९४४ चा शिक्षण कायदा. १९४१ मध्ये त्याला शिक्षण खात्यात पाठवलं ते जवळपास अडगळीत टाकल्यासारखंच. चर्चिलने बजावलं होतं की युद्ध चालू असताना धर्मसंस्थांच्या शाळांचं जुनं भांडण उकरून काढू नकोस. बटलरने ऐकल्यासारखं केलं आणि काम चालू ठेवलं.

घोडं अडलं होतं ते चर्चच्या शाळांपाशी. देशातल्या निम्म्याच्या आसपास शाळा चर्चच्या, इमारती जुन्या, पडायला आलेल्या, दुरुस्तीला पैसा नाही. सरकारने पैसा द्यावा तर कॅथलिक-अँग्लिकनांच्या धर्मशिक्षणाला आमच्या करातून पैसा का, म्हणून इतर पंथांचे लोक उठणार. बटलरने अँग्लिकन चर्चचे प्रमुख आर्चबिशप विल्यम टेंपल यांच्यासमोर नादुरुस्त ठरलेल्या शाळांची यादीच ठेवली. तिच्यात बहुसंख्य शाळा त्यांच्याच होत्या. मग तोडगा निघाला. ज्या शाळांना सगळा खर्च सरकारने उचलायला हवा, त्यांनी कारभार सोडायचा. ज्यांना कारभार ठेवायचा असेल, त्यांनी इमारतीच्या खर्चाचा निम्मा वाटा स्वतः उचलायचा. ऐकायला हिशेबनीसाचं काम वाटतं. पण १९०२ पासून भिजत पडलेलं घोंगडं त्या हिशेबाने वाळलं. सरकारी माध्यमिक शाळांतली फी गेली आणि शाळा सोडण्याचं वय पंधरावर गेलं, ते अमलात यायला १९४७ उजाडलं.

अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची तीन प्रकारच्या शाळांत विभागणी करणारी पद्धत याच कायद्याच्या नावावर खपवली जाते. कायद्यात मात्र शाळांच्या त्या तीन प्रकारांचा उल्लेखही नाही. प्रबंधाला असा धागा मिळणं म्हणजे चंगळ. दुसरा धागा असा की मार्च १९४४ मध्ये शिक्षिकांना शिक्षकांइतकाच पगार द्यावा ही दुरुस्ती ११७ विरुद्ध ११६ अशी एका मताने मंजूर झाली. सरकार हरलं. चर्चिलने तो विश्वासदर्शक ठरावाचा प्रश्न केला आणि दुरुस्ती उलटवून घेतली. त्या मतदानात बटलर समान वेतनाच्या बाजूला नव्हता.

मॅकमिलनचं याच तोडीचं काम घरांचं. १९५१ मध्ये सत्ता आली तेव्हा वर्षाला तीन लाख घरं बांधण्याचा शब्द पक्षाने देऊन ठेवला होता. लोकांना वाटलं, बोलाचीच कढी. मॅकमिलनने उद्योगातली माणसं आणून बसवली, घरांचं क्षेत्रफळ कमी केलं, सिमेंट-लाकडासाठी रोज भांडण केलं आणि १९५३ मध्येच तीन लाखांचा आकडा ओलांडला. ते भांडण ज्याच्याशी केलं तो अर्थमंत्री म्हणजे बटलर. परकीय चलनाची चणचण असताना लाकूड आयात करायला पैसे द्यायचे त्याने आणि घरांच्या किल्ल्या वाटतानाचे फोटो मॅकमिलनचे. दोघांच्या नात्याची सगळी गंमत मला या एका वाटणीत दिसते.

बटलरच्या अर्थखात्याचा शेवट वाईट झाला. डिसेंबर १९५४ मध्ये पत्नी सिडनी गेली. एप्रिल १९५५ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर त्याने प्राप्तिकर पौंडामागे सहा पेन्सने उतरवला आणि ऑक्टोबरमध्ये दुसरं अंदाजपत्रक आणून स्वयंपाकघरातल्या भांड्यांवरसुद्धा कर लावला. लोकांनी त्याला 'भांड्याकुंड्यांचं बजेट' हेच नाव दिलं. डिसेंबरात खातं काढून घेतलं गेलं. दिलं कुणाला, ते सांगायला नकोच.

२२ नोव्हेंबर १९५६

एकच दिवस निवडायचा तर मी हा निवडेन. सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर हल्ला करून इंग्लंड तोंडघशी पडलं होतं. हल्ला करा म्हणणाऱ्यांत अर्थमंत्री मॅकमिलन आघाडीवर होता, आणि अमेरिकेने पौंडाची नाडी आवळल्यावर थांबा म्हणणाऱ्यांतही तोच. 'आत जायला पहिला, बाहेर यायलाही पहिला' असं मजूर पक्षाचा हॅरॉल्ड विल्सन म्हणाला. बटलरला सुरुवातीपासून ही मोहीम पटली नव्हती. पण त्याने राजीनामा दिला नाही, उघड विरोधही केला नाही, फक्त जेवणाच्या टेबलांवर कुजबुज करत राहिला. त्यामुळे मोहिमेच्या बाजूचे लोकही त्याच्यावर चिडले आणि विरोधातलेही.

पंतप्रधान ईडन आजारी, जमैकाला निघालेले. कारभार बटलरकडे. सैन्य मागे घेत असल्याची नामुष्कीची घोषणा त्या दुपारी सभागृहात त्यालाच करावी लागली. संध्याकाळी पक्षाच्या खासदारांची बैठक. बटलर थोडक्यात, कोरडं बोलला. मग मॅकमिलन उठला आणि त्याने अर्ध्या तासाहून जास्त वेळ भाषण ठोकलं. साम्राज्य, इतिहास, तरुणपण, म्हातारपण, सगळं आलं. हातवारे इतके मोठे की शेजारी बसलेला बटलर खुर्चीसकट मागे कलंडता कलंडता राहिला, असं सांगतात. खासदारांमध्ये इनॉक पॉवेल होता. पुढे कित्येक वर्षांनीही त्या संध्याकाळची आठवण काढताना त्याला किळस वाटत असे.

सात आठवड्यांनी ईडन गेले. ज्येष्ठ मंत्री लॉर्ड सॉल्झबरी यांनी बाकीच्या मंत्र्यांना एकेक करून खोलीत बोलावलं. त्यांना 'र' म्हणता येत नसे. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "हं, वॅब की हॅवॉल्ड?" जवळजवळ सगळे हॅरॉल्ड म्हणाले. मतपत्रिका नाही, मतदान नाही. एका बोबड्या लॉर्डाने खोलीत बोलावून घेतलेला कौल, एवढीच ती निवडणूक.

जिंकल्यावर आणि हरल्यावर

मॅकमिलनची पंतप्रधानकी सगळ्यांना माहीत असलेला भाग, म्हणून भरभर. जुलै १९५७ मध्ये बेडफर्डला त्याने सांगितलं की आपल्या बहुतेक लोकांचे दिवस आजच्याइतके चांगले कधीच नव्हते. १९५९ ची निवडणूक शंभराच्या बहुमताने जिंकली. फेब्रुवारी १९६० मध्ये केपटाउनच्या संसदेत, वंशभेद राबवणाऱ्यांच्या तोंडावर, आफ्रिकेत बदलाचं वारं वाहतंय असं बजावलं. पुढे मात्र उतार लागला. १३ जुलै १९६२ ला त्याने एका झटक्यात सात मंत्री काढले. 'प्राण वाचवायला मित्र ओवाळून टाकले' अशा अर्थाचा टोमणा लिबरल पक्षाचा खासदार जेरेमी थॉर्पने मारला. त्याआधी दोन दिवस बटलरने एका वृत्तपत्रमालकाबरोबर जेवताना बातमी फोडली आणि म्हणून घाई झाली, असं मानतात. बटलरची जीभ हा स्वतंत्र विषय आहे. ईडनबद्दल पत्रकाराने विचारलं, 'आपल्याकडे आहेत त्यांत हेच उत्तम पंतप्रधान का?' तर हा हो म्हणून मोकळा. स्तुती की चिमटा, कुणाला ठरवता आलं नाही.

जानेवारी १९६३ मध्ये फ्रान्सचा अध्यक्ष द गॉलने युरोपच्या सामायिक बाजाराचं दार मॅकमिलनच्या तोंडावर लावलं आणि उन्हाळ्यात युद्धमंत्री प्रोफ्यूमोच्या विवाहबाह्य संबंधांचं प्रकरण अंगावर आलं.

१९५७ मध्ये हरल्यावर बटलरला गृहखातं मिळालं. त्याला परराष्ट्रखातं हवं होतं. गृहमंत्री म्हणून पाच वर्षं त्याने पक्षाच्या अधिवेशनात दर साली फटक्यांची शिक्षा परत आणा म्हणणाऱ्यांना थोपवून धरलं आणि जुगाराचे, दारूच्या दुकानांचे जुनाट कायदे बदलले. समलैंगिक संबंध गुन्हा मानू नयेत ही वुल्फेन्डन समितीची शिफारस मात्र बाजूला ठेवली आणि त्याच अहवालातला वेश्याव्यवसायाचा भाग तेवढा कायद्यात आणला. १९६२ चा राष्ट्रकुल स्थलांतर कायदाही त्याच्याच सहीचा. त्याआधी मुंबईहून बोटीने जाऊन लंडनला राहायला ब्रिटिश प्रजेच्या माणसाला परवाना लागत नसे. त्यानंतर नोकरीचं व्हाउचर लागू लागलं. उदारमतवादी बटलरची आरती करणाऱ्यांनी हा कायदा वाचावा.

मग ऑक्टोबर १९६३. प्रोस्टेटच्या दुखण्याने मॅकमिलन इस्पितळात, पक्षाचं अधिवेशन ब्लॅकपूलला. बटलरने हट्टाने समारोपाचं भाषण आपल्याकडे घेतलं. त्याआधी दुपारच्या जेवणाला परराष्ट्रमंत्री लॉर्ड होम पतिपत्नी होते. बोलता बोलता होम म्हणाले की परत गेल्यावर डॉक्टरांना भेटायचंय. का, तर नेतेपदासाठी उभं राहायचं तर प्रकृती तपासून घ्यावी लागेल. बटलर ते ऐकून व्यासपीठावर गेला आणि त्याने सपक भाषण केलं. १७ च्या रात्री पॉवेलच्या घरी चार-पाच मोठे मंत्री जमले आणि फोनवर सांगितलं की तू नाही म्हण, म्हणजे होम यांना सरकार बनवताच येणार नाही. पॉवेल नंतर म्हणायचा, आम्ही त्याच्या हातात भरलेलं पिस्तूल दिलं होतं. बटलरने ते चालवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी राणी एलिझाबेथ स्वतः इस्पितळात आल्या, मॅकमिलनने पलंगावरूनच टिपण वाचून दाखवलं आणि होम पंतप्रधान झाले. उमरावपद सोडण्याची मुभा देणारा कायदा त्याच उन्हाळ्यात झाला होता, नाहीतर तेही शक्य नव्हतं. पॉवेल आणि त्याचा सहकारी मंत्री इयान मॅक्लाउड यांनी मंत्रिपद नाकारलं. बटलर परराष्ट्रमंत्री झाला.

मॅक्लाउडने जानेवारी १९६४ मध्ये 'स्पेक्टेटर' साप्ताहिकात या सगळ्याचं वाभाडं काढलं, ऑक्टोबरमध्ये पक्ष सत्तेवरून गेला आणि १९६५ पासून हुजूर पक्षात नेता मतदानाने निवडायला लागले. बटलर हरला नसता तर तो नियम इतक्या लवकर आला असता असं मला वाटत नाही.

मग घ्यावं कुणाला

साधनांचा विचार आधी. मॅकमिलनने आत्मचरित्राचे सहा खंड लिहिले, रोजनिशीही छापून आली आहे, कागदपत्रं ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. बटलरचं आत्मचरित्र एकच, आटोपशीर आणि सहापैकी कुठल्याही खंडापेक्षा वाचनीय. कागदपत्रं केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात, जिथे तो १९६५ नंतर तेरा वर्षं मास्टर होता. दोन्हीकडे नागपूरहून जाणं होणार नाही, हे गृहीत धरतो. पण कॉमन्समधल्या चर्चेचा शब्दन्‌शब्द इंटरनेटवर फुकट आहे, आणि बटलरची कारकीर्द सभागृहात घडली. मॅकमिलनची बरीचशी युद्धकाळात अल्जिअर्सला, वॉशिंग्टनला, बंद खोल्यांत आणि रोजनिशीत. रोजनिशी लिहिणारा माणूस वाचक डोळ्यासमोर ठेवून लिहीत असेल, तर साठ पानांच्या लघुप्रबंधात ती सोलून बघायला जागा पुरत नाही.

शीतयुद्ध, अण्वस्त्रं किंवा आफ्रिकेचं स्वातंत्र्य यांत रस असेल तर मॅकमिलनच घ्या, बटलर तिथे दुय्यम आहे. पंतप्रधानपद म्हणजे काय याचा अभ्यास करायचा तरीही मॅकमिलन. कायदा कसा घडतो, पक्ष माणसाला कसा वापरतो आणि बाजूला ठेवतो, हे बघायचं असेल तर बटलर, आणि त्यातही १९३२ ते १९४४ एवढाच तुकडा. संपूर्ण कारकीर्द घेतली तर चाळीस पानं नुसती पदांची यादी होईल. 'थोर पंतप्रधान, जो झालाच नाही' हा सूर मात्र लावू नये. सुएझच्या वेळी गप्प बसणारा आणि भरलेलं पिस्तूल ठेवून देणारा माणूस पंतप्रधान झाला नाही, यात पक्षाचा दोष जितका आहे तितकाच त्याचाही.

माझं मत बटलरला. तिला सांगितलंय, आधी लोथियन समितीचा अहवाल काढ, आंबेडकरांचं टिपण शेजारी ठेव आणि मग १९३५ च्या विधेयकावरची एक कुठलीही रात्रीची चर्चा वाच. तिने अजून कळवलेलं नाही. गाईडना मॅकमिलन आवडतो, असं कानावर आलंय.